मुलांना यंदा कोव्हिडची लस द्यायची का? अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

भारतातून मुलांना घेऊन नुकतंच अमेरिकेत आलेल्या घरात पहिल्याच सप्टेंबरात हा प्रश्न येतो. मुलाच्या तपासणीला गेलं की नर्स विचारते, फ्लूची लस देऊ ना? आणि कोव्हिडची? फ्लूला आपण मान डोलावतो. कोव्हिडचं नाव निघालं की नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे, आणि ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणत दोघं बाहेर पडतात. पुढची वेळ येईपर्यंत जानेवारी उजाडतो. तोवर डेकेअरमधून किंवा शाळेतून काय काय घरी येऊन गेलेलं असतं.

‘द्यायची’ ठरवा किंवा ‘नाही द्यायची’ ठरवा, पण ठरवा. काही मुलांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि ते मी खाली स्पष्ट सांगणार आहे. काही मुलांच्या बाबतीत दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. आपलं मूल यातल्या कुठल्या बाजूला बसतं हे ओळखणं हेच खरं काम आहे, आणि ते एका संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर बसून होण्यासारखं आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यातून काढून टाका. ‘दोन झाले, आता बूस्टर, मग दुसरा बूस्टर’ असा हिशेब इथे आता कोणी करत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना बूस्टरची परवानगी मे २०२२ मध्ये मिळाली होती, तेव्हा ती मोजणी होती. सप्टेंबर २०२३ पासून फ्लूसारखी पद्धत सुरू झाली. दर वर्षी त्या वेळी फिरत असलेल्या विषाणूच्या प्रकाराला धरून नवी लस येते आणि बहुतेकांना तिचा एकच डोस पुरतो. २०२५-२६ च्या हंगामातली फायझर आणि मॉडर्नाची लस एलपी.८.१ या प्रकारावर बेतलेली आहे. त्यामुळे आधी किती डोस झाले यापेक्षा शेवटचा डोस किंवा शेवटचा आजार कधी झाला हे जास्त महत्त्वाचं.

पायरी १: मुलाचे कागद एका जागी आणा

भारतातलं लसीकरणाचं कार्ड, मग ते सरकारी दवाखान्यातलं माता-बाल संरक्षण कार्ड असो की खासगी डॉक्टरांची फाइल, स्कॅन करून फोनमध्ये ठेवा. मूल आता सोळा-सतरा वर्षांचं असेल तर त्याला भारतात कोव्हिडची लस मिळालेली असण्याची शक्यता बरीच आहे. १५ ते १८ वयोगटाला ३ जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिन आणि १२ ते १४ वयोगटाला १६ मार्च २०२२ पासून कोर्बेव्हॅक्स दिली गेली. त्याचं प्रमाणपत्र कोविनवर असतं. भारतातला तो मोबाइल नंबर बंद पडला की ओटीपी येणं थांबतं आणि मग धावपळ होते, म्हणून नंबर चालू असतानाच ते उतरवून घ्या.

‘भारतातली लस इथे धरतात का?’ हा प्रश्न सगळे विचारतात. पाच वर्षांवरच्या, प्रतिकारशक्ती नीट असलेल्या मुलाच्या बाबतीत याचं उत्तर शोधत बसायची गरजच नाही. आधी कुठली लस झाली, किती डोस झाले, की एकही झाला नाही, काहीही असलं तरी यंदाच्या लसीचा एकच डोस लागतो. मागच्या डोसाला किमान आठ आठवडे झालेले असावेत, इतकंच. मुलाला नुकताच कोव्हिड होऊन गेला असेल तर तीन महिने थांबलं तरी चालतं.

कागद जमवताना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: मुलाचं आजचं वय, शेवटची कोव्हिड लस, शेवटचा कोव्हिड झाला तो महिना, आणि कुठल्याही लसीला किंवा औषधाला आलेली जोराची ॲलर्जी. पुढच्या सगळ्या बोलण्यात हीच चिठ्ठी उपयोगी पडते.

आणि ज्या कारणांसाठी लस लागत नाही तीही इथेच सांगून टाकते, कारण बरेच जण त्या गैरसमजापायी घाई करतात. शाळेच्या प्रवेशासाठी ही लस लागत नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये तशी घोषणा केली होती, पण ती अमलात न आणताच २०२३ मध्ये सोडून दिली. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीतली कोव्हिड लसीची अट जानेवारी २०२५ मध्ये उठली. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पोलिओ या लसींचं मात्र तसं नाही, त्या बहुतेक राज्यांत शाळा मागतेच. न्यू जर्सीत तर पाच वर्षांखालच्या मुलाला डेकेअरमध्ये ठेवायचं असेल तर फ्लूची लसही दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत द्यावी लागते.

पायरी २: कोण काय म्हणतंय ते समजून घ्या

इथे गोंधळ आहे आणि तो तुमच्या समजण्यातला नाही, नियमांतलाच आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये सीडीसीचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला सरळ होता: सहा महिन्यांवरच्या सगळ्यांनी नवी लस घ्यावी. २७ मे २०२५ रोजी आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी निरोगी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठीचा सल्ला मागे घेत असल्याचं जाहीर केलं. काही दिवसांत सीडीसीच्या तक्त्यात मुलांसाठी ‘डॉक्टरांशी बोलून ठरवा’ अशा अर्थाची नोंद आली. २७ ऑगस्टला औषधं-लसींवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने नव्या लसीला मंजुरी दिली, पण ६५ वर्षांखाली ती फक्त एखादा धोका वाढवणारा आजार असलेल्यांसाठी. त्याच दिवशी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी असलेली फायझरची आपत्कालीन परवानगी रद्द झाली. ऑक्टोबरमध्ये सीडीसीने सहा महिन्यांवरच्या सगळ्यांसाठीच वैयक्तिक निर्णयाचं धोरण स्वीकारलं.

दुसरीकडे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, वेगळी उभी राहिली. १९ ऑगस्ट २०२५ च्या तिच्या सल्ल्यानुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या सगळ्या बाळांना लस द्यावी. दोन ते अठरा वर्षांत ज्यांना धोका जास्त आहे, ज्यांनी आजवर एकही डोस घेतलेला नाही, किंवा ज्यांच्या घरात धोक्यातलं माणूस आहे, त्यांनाही द्यावी. आणि बाकीच्यांतही ज्या पालकांना हवी आहे त्यांना ती मिळावी. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन आणि हवाई या राज्यांनी एकत्र येऊन आपले वेगळे सल्ले काढायला सुरुवात केली आणि ईशान्येकडच्या राज्यांनीही तशीच मोट बांधली.

जगातही एकमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये निरोगी मुलांना ही लस दिली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने मार्च २०२३ मध्ये निरोगी मुलांना कमी प्राधान्याच्या गटात टाकलं. भारतात सरकारी कार्यक्रमात अठरा वर्षांखालच्यांसाठी तिसरा डोस कधी आलाच नाही. तेव्हा सांगलीहून आई फोनवर म्हणाली, ‘अगं, इथे कोणीच देत नाहीये, तू कशाला पोराला टोचतेस?’ तर ती चुकीचं सांगत नसते. पण तिच्या गल्लीत डिसेंबरात खिडक्या उघड्या असतात. इथे चार महिने सगळं बंद, हीटर चालू, आणि डेकेअरच्या एका खोलीत डझनभर पोरं एकमेकांची खेळणी चोखत असतात.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की लस कायद्याने बंद नाही आणि सक्तीचीही नाही. डॉक्टर ती निरोगी मुलालाही देऊ शकतात. दोन बालरोगतज्ज्ञांनी दोन वेगळी मतं दिली तर त्यातला एक अडाणी आहे असं समजू नका, ते बहुधा वेगवेगळ्या संस्थांचा सल्ला मानत असतात. राज्याच्या आरोग्य विभागाची वेबसाइट तपासणीच्या आदल्या दिवशी एकदा उघडून बघा. वर्षभरात इतक्या वेळा बदललेली गोष्ट पुन्हा बदलू शकते.

पायरी ३: आपलं मूल कुठे बसतं ते बघा

सगळ्या लेखात हाच भाग सावकाश वाचा.

तुमचं बाळ सहा महिने ते दोन वर्षं या वयात असेल तर माझं मत: द्या. मुलांना कोव्हिड सौम्य होतो हे शाळकरी मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा खरं आहे, पण तान्ह्यांच्या बाबतीत तितकं नाही. अठरा वर्षांखाली कोव्हिडमुळे रुग्णालयात भरती होण्याचं सर्वाधिक प्रमाण सहा महिन्यांखालच्या बाळांत, आणि त्यांच्यानंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळांत दिसलं आहे. कारणं साधी आहेत. श्वासनलिका बारीक असतात, ताप आला की बाळ दूध तोडतं, पाणी कमी पडतं, आणि त्याच्या शरीराची या विषाणूशी आधी गाठही पडलेली नसते. आजच्या बारा वर्षांच्या मुलाला आजाराने, लसीने किंवा दोन्हींनी थोडीफार ओळख झालेली असते. मागच्या वर्षी जन्मलेल्या बाळाची पाटी कोरी असते. या वयात लस मॉडर्नाचीच मिळते. पूर्वी एकही डोस न झालेल्या दोन वर्षांखालच्या बाळाला दोन डोस लागतात, हे लक्षात ठेवून तारखा आधीच बघा.

सहा महिन्यांखालच्या बाळासाठी लसच नाही. त्याचं संरक्षण आईकडून येतं. गरोदरपणी आईने लस घेतली तर प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि पहिले काही महिने कामी येतात. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गरोदरपणी लस घेण्याचा सल्ला कायम ठेवला आहे. दिवस गेले असतील तर हा विषय बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे आत्ताच काढा.

मुलाला जुनाट आजार असेल तर वय कितीही असो, बाजू लसीकडे झुकते. दमा, मधुमेह, जन्मजात हृदयविकार, स्थूलपणा, डाउन सिंड्रोम, सिकल सेल, मेंदू-मज्जातंतूंचे विकार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, हे सगळं धोक्याच्या यादीत येतं. दम्याबद्दल मुद्दाम बोलते, कारण आपल्या घरांत तो शब्दच उच्चारत नाहीत. ‘त्याला थोडं बाळदम्याचं आहे’, ‘थंडीत छाती भरते, पंप घेतो कधी कधी’ असं म्हणतात आणि दवाखान्याच्या फॉर्मवर आजारांच्या रकान्यात ‘नाही’ लिहून मोकळे होतात. भारतात डॉक्टरांनी पंप किंवा नेब्युलायझर दिला असेल तर ते इथल्या डॉक्टरांना सांगा. एक तर तो धोका खरा आहे, आणि दुसरं म्हणजे फाइलमध्ये त्याची नोंद असली की सध्याच्या नियमांत लस मिळण्याचा रस्ता सोपा होतो.

आता उरली दोन वर्षांवरची निरोगी मुलं, म्हणजे आपल्यातली बहुतेक. इथे दोन्ही निर्णय समंजस ठरू शकतात. लसीने गंभीर आजाराची आणि इमर्जन्सीत धावायची वेळ येण्याची शक्यता कमी होते, पण निरोगी आठ वर्षांच्या मुलात ती मुळातच लहान असते आणि लसीचा जोर काही महिन्यांत ओसरतो. तरी एक गोष्ट या पारड्यात टाका: कोव्हिडमुळे रुग्णालयात भरती झालेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना आधी कुठलाच आजार नव्हता. तसंच आजारानंतर दोन ते सहा आठवड्यांनी येणारा, एकाच वेळी अनेक अवयवांना सूज आणणारा मिस-सी हा विकार अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक मुलांत नोंदला गेला. पहिल्या दोन वर्षांच्या मानाने तो आता फारच क्वचित दिसतो, पण तो झालेली बरीच मुलं आधी ठणठणीत होती.

अशा मुलाच्या बाबतीत निर्णय घराकडे बघून घ्या. घरात तान्हं बाळ आहे का? आई गरोदर आहे का? आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन राहणार आहेत का? आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. आजोबांना मधुमेह, आजीची बायपास झालेली, आणि त्यांचा प्रवासी विमा असा की रुग्णालयात एक रात्र काढावी लागली तर कोणता खर्च मिळेल आणि कोणता नाही याचा पत्ता नसतो. नातू शाळेतून येतो तो थेट त्यांच्या मांडीवर. लस घेतलेला नातू त्यांना आजार देणारच नाही अशी हमी नाही, पण त्या हिवाळ्यात त्याला कोव्हिड होण्याची शक्यता काही महिने तरी कमी होते. आजी-आजोबांची लस निघण्याआधी तिथे मिळत असेल तर उत्तम, नाहीतर इथे आल्यावर घ्यावी लागेल आणि प्रवासी विमा प्रतिबंधक लसींचे पैसे सहसा देत नाही, हेही धरून चाला. आजी-आजोबा नोव्हेंबरात येणार असतील तर मुलाची लस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. लसीला नीट काम करायला दोनेक आठवडे लागतात.

पायरी ४: भीती असेल तर ती नेमकी कशाची आहे ते शोधा

खरी आणि तपासलेली भीती एकच मोठी आहे: हृदयाच्या स्नायूला येणारी सूज, म्हणजे मायोकार्डायटिस. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लसींनंतर (या शरीराला विषाणूचं प्रथिन बनवायचा संदेश देतात) ती क्वचित होते, मुख्यतः वयात येणाऱ्या मुलग्यांत आणि तरुणांत, बहुधा पहिल्या आठवड्यात. २०२५ मध्ये एफडीएने लसीच्या माहितीपत्रकात आकडे घालायला लावले. २०२३-२४ च्या लसीनंतर सहा महिने ते ६४ वर्षं या वयात दहा लाख डोसांमागे सुमारे ८, आणि १२ ते २४ वर्षांच्या पुरुषांत दहा लाखांमागे सुमारे २७. बहुतेक जण बरे होतात. काहींच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काही महिन्यांनंतरही खुणा दिसल्या आणि त्यांचा पुढे काय परिणाम होईल याचा अभ्यास चालू आहे, हेही त्याच माहितीपत्रकात आहे. कोव्हिड झाल्यानेही हीच सूज येऊ शकते, हे विसरू नका.

तेव्हा पंधरा वर्षांचा, निरोगी, आधी डोस झालेला मुलगा आहे, घरात धोक्यातलं कोणी नाही, आणि आईवडील म्हणाले की यंदा नको, तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. त्याच वयाच्या मुलाला दमा असेल तर घालेन. एमआरएनएचीच धास्ती असेल तर बारा वर्षांवरच्या, धोका वाढवणारा आजार असलेल्या मुलांसाठी नोव्हाव्हॅक्सची प्रथिनावर आधारित लस आहे. मायोकार्डायटिसची नोंद तिच्यामागेही आहे, पण तिची घडण वेगळी. भारतातली कोर्बेव्हॅक्सही प्रथिनावरच आधारलेली होती.

उरलेल्या बऱ्याच भीती व्हॉट्सॲपवरून येतात. कोव्हिशील्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात ही बातमी २०२४ मध्ये आपल्या सगळ्या ग्रुपांवर फिरली. तो दुर्मीळ धोका ॲस्ट्राझेनेकाच्या पद्धतीच्या लसीचा, आणि ती लस अमेरिकेत मुलांना दिलीच जात नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांत अभ्यास केला आणि लसीने तो धोका वाढल्याचं आढळलं नाही, असं केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. अर्थात तो अभ्यास १८ ते ४५ वयाच्या माणसांचा आणि भारतातल्या लसींचा होता. भारतातल्या लसीची चांगली किंवा वाईट बातमी इथल्या लसीला जशीच्या तशी चिकटवता येत नाही, हे असे मेसेज पाठवणाऱ्या काकांना समजावून सांगा.

आधीच्या डोसानंतर मुलाला तीव्र ॲलर्जी किंवा मायोकार्डायटिस झाला असेल, तर तो विषय घरी ठरवायचा नाही. ते तज्ज्ञांचं काम आहे.

पायरी ५: डॉक्टरांशी बोला, पण तयारीने

इथली भेट पंधरा-वीस मिनिटांची असते आणि त्यात वजन, उंची, दात, झोप सगळंच उरकायचं असतं. म्हणून दोन-तीन दिवस आधी मायचार्टवर किंवा दवाखान्याचं जे काही ऑनलाइन पोर्टल असेल त्यावर निरोप टाका. पहिल्या पायरीतली चिठ्ठी त्यात उतरवा आणि सरळ विचारा: माझ्या मुलाला यंदा लस द्यावी असं तुम्हाला वाटतं का, आणि का? तुमच्याकडे या वयाची लस आहे का? फ्लूबरोबर त्याच दिवशी देता का? नाही दिली तर मी कशावर लक्ष ठेवू?

आपल्याला डॉक्टरांना उलट विचारायची सवय नसते. भारतात डॉक्टर सांगतात आणि आपण ‘हो डॉक्टर’ म्हणतो. इथे ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं डॉक्टरच विचारतात आणि नव्या आलेल्या माणसाला वाटतं की यांना काही माहीत नाही की काय. तसं नसतं. या लसीसाठी सध्याची पद्धतच शेअर्ड डिसिजनची आहे, म्हणजे तुम्ही बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते. ‘तुमचं स्वतःचं मूल या वयाचं असतं तर काय केलं असतं?’ हा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका. मनमोकळं उत्तर बहुतेक वेळा याच प्रश्नाला मिळतं.

आईचं एक आणि बाबांचं दुसरं मत असेल तर दोघांनी मिळून जा, किंवा एकाने व्हिडिओवर सामील व्हा. एकाने एकट्याने परस्पर लस दिली आणि त्या रात्री पोराला ताप आला, की पुढचे कित्येक महिने घरात त्याची उजळणी होते.

नाही द्यायची असं ठरलं तर घरात ताज्या तारखेच्या टेस्ट किट ठेवा. मूल बारा वर्षांवरचं, चाळीस किलोंवरचं आणि धोक्याच्या गटातलं असेल तर पॅक्सलोव्हिड हे औषध देता येतं, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू करावं लागतं. त्यामुळे ‘साधी सर्दी असेल’ म्हणत चार दिवस काढू नका.

पायरी ६: लस कुठे आहे आणि पैसे कोण देणार

सगळेच बालरोगतज्ज्ञ ही लस ठेवत नाहीत. मागणी कमी, मुदत छोटी, किंमत जास्त, म्हणून लहान दवाखाने मागवतच नाहीत. फोन करून ‘या वयाची लस शिल्लक आहे का’ असंच विचारा. पाच वर्षांखालच्या मुलासाठी मॉडर्नाच्या स्पाइकव्हॅक्सचं नाव घेऊन विचारा. फार्मसीत साधारणपणे तीन वर्षांखालच्या मुलांना लस देत नाहीत, आणि बऱ्याच साखळ्यांची स्वतःची वयोमर्यादा त्याहून वरची असते. पाच-सहा वर्षांवरच्या मुलांसाठी मात्र फार्मसी सोयीची पडते. चर्चा करून ठरवायचं ते फार्मासिस्टशी केलेल्या चर्चेवरही ठरवता येतं, सीडीसीच्या व्याख्येत तोही बसतो. राज्याराज्यांत फरक आहे, काही ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी मागतात.

नोकरीतून मिळालेल्या इन्शुरन्समध्ये ही लस सहसा पूर्ण मोफत असते, पण नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, ठिकाणी घेतली तरच. कार्डामागच्या नंबरवर फोन करा आणि विचारा की मुलासाठी फार्मसीत चालेल की डॉक्टरांकडेच जावं लागेल. कोव्हिड लस टोचण्याचा बिलिंग कोड ९०४८० आहे, तो सांगितला की पलीकडच्या माणसाला नेमकं काय ते कळतं. नाहीतर शंभर-दीडशे डॉलरच्या वरचं बिल घरी येतं आणि मग ते सोडवण्यात जीव जातो.

नोकरी गेली, एच-वन-बी दुसरीकडे हलवताना मधले दोन महिने इन्शुरन्स नाही, अशी वेळ आपल्यातल्या बऱ्याच घरांवर येते. अशा वेळी व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन हा सरकारी कार्यक्रम आहे. एकोणीस वर्षांखालच्या, विमा नसलेल्या किंवा मेडिकेडवरच्या (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा सरकारी विमा) मुलांना त्यातून लस फुकट मिळते. टोचण्याची थोडी फी मागू शकतात, पण ती परवडत नाही म्हणून मुलाला लस नाकारता येत नाही. काउंटीच्या आरोग्य विभागाला फोन केला की जवळचा दवाखाना सांगतात.

पायरी ७: लसीचा दिवस आणि नंतरचे काही दिवस

मुलाला अंगात ताप किंवा बऱ्यापैकी आजार असेल तर पुढे ढकला, नुसतं नाक गळत असेल तर चालतं. लहानग्यांना मांडीत देतात, मोठ्यांना दंडात. मात्रा वयावर ठरते, वजनावर नाही: फायझरची ५ ते ११ वर्षांना १० मायक्रोग्रॅम, बारापासून पुढे ३०. मॉडर्नाची अकरापर्यंत २५, पुढे ५०. मूल अकरा वर्षं अकरा महिन्यांचं असेल तर लसीच्या दिवशी जे वय, तीच मात्रा. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवा. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना सुईनंतर भोवळ येऊ शकते, म्हणून सकाळी काही न खाता नेऊ नका. आजी मुलाला घेऊन जाणार असेल तर तुमची लेखी संमती तिच्याबरोबर द्या आणि दवाखान्यात आधी सांगून ठेवा.

दंड दुखणं, थकवा, एखाद-दोन दिवस ताप हे नेहमीचं. ताप येऊ नये म्हणून आधीच औषध पाजू नका, आल्यावर द्या. आणि इथे एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. भारतातून आणलेली क्रोसिन किंवा कॅल्पॉलची बाटली आणि इथल्या टायलेनॉलची बाटली यांत औषध तेच असतं, पण मात्रा वेगळी. भारतात पाच मिलीमध्ये १२०, २४० किंवा २५० मिलिग्रॅम, इथे १६०. एका बाटलीचं माप आठवून दुसरी पाजली तर औषध कमी तरी पडतं किंवा जास्त तरी होतं. इथल्या डॉक्टरांनी मिलीत सांगितलेला डोस इथल्याच बाटलीतून द्या आणि बाटलीबरोबरची सिरिंज वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको. ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही.

पहिल्या आठवड्यात मुलगा किंवा मुलगी छातीत दुखतंय, धाप लागतेय, छाती धडधडतेय असं म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि त्रास जास्त असेल तर थेट इमर्जन्सी गाठून लस कधी घेतली ते सांगा. किशोरवयीन मुलांना हे आधीच सांगून ठेवा. ती आपणहून बोलत नाहीत, खेळाच्या सरावाला जातात आणि गप्प राहतात.

निघताना लसीचं नाव, तारीख आणि लॉट नंबर असलेल्या कागदाचा फोटो घ्या. फार्मसीत घेतलेली लस बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये आपोआप दिसेलच असं नाही, तेव्हा तो फोटो पोर्टलवर पाठवा. राज्याच्या लसीकरण नोंदवहीत, न्यू जर्सीत ती एनजेआयआयएस आणि कॅलिफोर्नियात केअर, नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणेच लागली आहे ना हे आठवड्याभराने बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावतात. त्यामुळे एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात, आणि गाव बदलून नव्या शाळेत जाताना अर्ध्या लसी एका नावावर आणि अर्ध्या दुसऱ्या नावावर सापडतात. तसं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात सांगून दोन्ही नोंदी एकत्र करून घ्या.